डर्बन : जुलैमध्ये ४ रात्री, सोबत ६८ वर्षांची आई. सल्ला हवा आहे

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. जुलैच्या मध्यावर नवऱ्याचं जोहान्सबर्गला ऑफिसचं काम आहे. ते आटोपलं की आम्ही दोघं आणि माझी आई डर्बनला जाणार आहोत. विमान आणि व्हिसा सोडून तिघांचे मिळून ८० हजार रुपये बाजूला काढलेत. आई ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवत होती. दरवर्षी भिंतीवरच्या नकाशात तिने मुलांना डर्बन दाखवलं, आता ते स्वतः बघायचंय. ती शाकाहारी आहे आणि गुडघ्यांमुळे सलग अर्धा तासच चालू शकते. राहायचं कुठे, खायचं काय आणि फिरणं कितपत सुरक्षित, एवढं सांगा. सफारी नको आहे.

भटक्या_सांगली
ताई, सफारीचा पुन्हा विचार करा. ह्लुह्लुवे-इम्फोलोझी डर्बनहून साधारण २८० किमी. १८९५ पासूनचं राखीव जंगल आहे, पांढरा गेंडा आज शिल्लक आहे तो इथल्या लोकांमुळे. आम्ही दोन रात्री राहिलो, सकाळी सहाला गाडीसमोर गेंड्याची मादी आणि पिल्लू. दीड लाख वेगळे ठेवा, पण जाच.

मधुरा_के
राहायला उम्हलांगाच. शहराच्या उत्तरेला, स्वच्छ, दीपगृह आहे, संध्याकाळी समुद्राकाठी फिरता येतं. जुन्या शहरात अजिबात राहू नका. आमच्या हॉटेलच्या गॅलरीतून डॉल्फिन दिसले होते. थोडं महाग पडतं, पण आईसाठी एवढं करायलाच हवं.

जोशीकाका
आधी विमानाचा मार्ग सांगा. भारतातून डर्बनला थेट विमान नाही. आम्ही आफ्रिकेतल्याच एका शहरातून विमान बदलून गेलो, तर मुंबईच्या काउंटरवर पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड मागितलं. पाऊण तास अडवून ठेवलं. लस घेऊनच निघा.

रानपाखरू
काका, भारतातून जाणाऱ्याला ते कार्ड लागत नाही. नैरोबी किंवा अदिस अबाबासारख्या ठिकाणी १२ तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर लागतं. तुमचा थांबा किती होता?

जोशीकाका
१४ तास.

रानपाखरू
म्हणजे त्यांनी बरोबरच मागितलं. गोदाकाठ, साठीनंतर या लशीचा धोका वाढतो, डॉक्टर नीट विचार करूनच देतात. आईंना उगाच टोचून घेऊ नका. दुबई किंवा दोहावरून जा, किंवा थांबा कमी असलेलं तिकीट घ्या. तिकीट काढण्याआधी नियम पुन्हा बघाच.

सदाशिव_पेठ
खाण्याबद्दल. डर्बनचा बनी चाऊ खायचाच. पाव पोखरून आत गरम रस्सा. मी मटणाचा क्वार्टर घेतला होता, म्हणजे लोफचा चौथा भाग. घाम फुटला. असा तिखट रस्सा मी कोल्हापूरबाहेर खाल्ला नव्हता.

मधुरा_के
आई शाकाहारी आहेत असं लिहिलंय.

सदाशिव_पेठ
शाकाहारी पण मिळतो, शेंगदाण्याचा असावा.

डर्बनकर
शेंगदाण्याचा नव्हे, बीन्सचा. राजम्यासारखे दाणे असतात, ‘बीन्स बनी’ म्हणून मागा. ‘बनी’ हे नाव ‘बनिया’वरून आलं असं इथे बहुतेक जण सांगतात, सशाशी संबंध नाही. मी इथे नऊ वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुलै इथला सगळ्यात चांगला महिना. पाऊस जवळजवळ नाही, दिवसा २२-२३ अंश, रात्री स्वेटर लागतो. जुलैच्या पहिल्या शनिवारी ‘डर्बन जुलै’ ही घोड्यांची शर्यत असते, तेव्हा हॉटेलं दुप्पट महाग. तुम्ही मध्यावर येताय ते ठीक, पण शाळांच्या हिवाळी सुट्या साधारण त्याच सुमारास असतात, म्हणून खोली आत्ताच धरा.

बाजाराचा भाग सकाळी १० ते १२, तोही सोमवार ते शुक्रवार. जुम्मा मशिदीला लागून मदरसा आर्केड नावाचा जुना छत असलेला बोळ आहे. त्यातून पलीकडे गेलं की कॅथेड्रल, आणि जवळच व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केट. मसाल्यांचे ढीग, माळा, तांब्याची भांडी. हे सगळं अर्ध्या तासात होतं, आईंना झेपेल. ग्रे स्ट्रीटचं नाव आता डॉ. युसूफ दादू स्ट्रीट आहे. लोक दोन्ही नावं वापरतात, नकाशात गोंधळू नका. फोन पिशवीत, दागिने घरी. अंधार पडल्यावर त्या भागात चालायचं नाही, अ‍ॅपवरून गाडी मागवा.

सागर_व
डर्बनकरांशी सहमत. माझा फोन सिग्नलला उभ्या गाडीच्या उघड्या खिडकीतून गेला, भर दुपारी. काचा वर ठेवा.

भटक्या_सांगली
जंगलात फोन चोरणारं कुणी नसतं.

विनया
एक उपयोगी गोष्ट. तिथलं सॉकेट म्हणजे आपलं गिझर-एसीचं १५ अँपियरचं जाड तीन पिनांचं सॉकेट. विमानतळावर महाग अ‍ॅडॉप्टर घेऊ नका. गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाड पिनेला साधा प्लग बसवणारा कन्व्हर्टर मिळतो, दोन घ्या.

पाटीलसर
आईंना पीटरमारित्झबर्गला नक्की न्या. डर्बनहून सुमारे ८० किमी. ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना गाडीतून उतरवलं ते स्टेशन तिथलं. पुष्कळ जण ते डर्बनला घडलं असं समजतात.

रानपाखरू
हो, डर्बनला ते गाडीत बसले होते. पण डर्बनलाही घडलंच की. १३ जानेवारी १८९७ ला मुंबईहून आलेल्या ‘कूरलँड’ बोटीतून ते उतरले आणि जमावाने त्यांना मारलं. पोलीस सुपरिंटेंडेंटच्या पत्नी मिसेस अलेक्झांडर छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या. त्याआधी मुंबईत प्लेग आहे म्हणून बोट बंदराबाहेर अडवून ठेवली होती. मला हा प्रसंग स्टेशनपेक्षा जास्त हलवतो.

पाटीलसर
स्टेशनची तुलना कशाशीच होत नाही.

मधुरा_के
दोन्ही बघा. आणि राहायला उम्हलांगाच.

डर्बनकर
गांधीजींच्या फिनिक्स आश्रमाला जाणार असाल तर महत्त्वाचं. ड्रायव्हरला नुसतं ‘फिनिक्स’ सांगितलंत तर तो फिनिक्स नावाच्या मोठ्या वस्तीत नेईल. आश्रम इनांडात, भंबायी भागात आहे. भंबायी म्हणजे बॉम्बेचं झुलू रूप. १९०४ ला गांधीजींनी तिथे छापखाना नेला. १९८५ च्या दंगलीत सगळं जळलं, पुन्हा बांधून २००० साली उघडलं. तिथून जवळच झुलू नेते जॉन ड्युबे यांनी १९०१ ला काढलेली ओहलांगे शाळा. मंडेलांनी २७ एप्रिल १९९४ ला आयुष्यातलं पहिलं मत तिथे टाकलं. ओळखीचा ड्रायव्हर अर्ध्या दिवसासाठी ठरवा, त्याला बाहेर थांबवून ठेवा. एकट्याने भटकायची ती जागा नाही.

पाटीलसर
आईंना हेही सांगा, गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आले होते, डर्बनलाही. गिरमिट (मजुरीचा करार) संपलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द व्हावा म्हणून ते तिथले पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांच्याशी बोलले. कर राहिलाच आणि १९१३ चा लढा पेटला.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. गोखल्यांचं तिला माहीत होतं, भंबायीचं नव्हतं. ते तिने दोनदा वाचायला लावलं.

उम्हलांगा आणि सफारी दोन्ही नको ठरलं. किनाऱ्यावर, बंदराच्या बाजूला साधं हॉटेल धरलंय, ४ रात्रींचे ३४ हजार. मधुराताई, तुमचं म्हणणं पटतं, पण आईला खोलीतून बोटी आत येताना दिसायला हव्यात. १६ नोव्हेंबर १८६० ला मद्रासहून पहिली ३४२ गिरमिटिया माणसं घेऊन ‘ट्रूरो’ बोट याच बंदरात आली. तिच्या मते गांधीजींची गोष्ट तिथून सुरू होते आणि पुस्तकात त्या माणसांना एकच ओळ असायची.

पाटीलसर, पीटरमारित्झबर्गही सोडलं. आई म्हणाली, “ते स्टेशन मी वर्षानुवर्षं शिकवलं. गिरमिटिये मी शिकवलेच नाहीत.” एक सकाळ बाजार, एक दिवस फिनिक्स आणि ओहलांगे, एक दिवस १८६० हेरिटेज सेंटर हे संग्रहालय. चौथा दिवस मोकळा. कन्व्हर्टर दोन घेतले.

पाटीलसर
एवढ्या लांब जाऊन स्टेशन सोडणं मला पटत नाही. पण आईंना नमस्कार सांगा.

डर्बनकर
ड्रायव्हरचा नंबर व्यक्तिगत निरोपाने पाठवला आहे. शुक्रवारी दुपारी मशिदीच्या बाजूला गर्दी असते, बाजार गुरुवारी करा.

भटक्या_सांगली
चौथा दिवस मोकळा आहे म्हणता. पहाटे चारला निघालात तर गेंडा बघून रात्री परत येता येतं.