प्रॅक्टिकलचे मार्क कॉलेजच्या हातात ठेवायचेच कशाला?

सातपूर_क्यूए

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडची (सरकारी प्रवेशफेरीची) यादी लागली की नाशकात महिनाभर दुसरा विषय नसतो. कटऑफ किती, कॉम्प्युटर मिळालं की नाही, एआय-डीएसच्या (आर्टिफिशियल इंटेलिजन्स-डेटा सायन्स) जागा किती वाढल्या. २०२४-२५ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) चांगल्या कॉलेजांसाठी जागांची कमाल मर्यादाच उठवली, म्हणजे हे आणखी वाढणार. माझी मागणी जागांबद्दल नाही, अभ्यासक्रमाबद्दलही नाही. पुणे विद्यापीठाने २०१२, २०१५, २०१९, २०२४ असे अभ्यासक्रमाचे पॅटर्न बदलून पाहिले, लॅबमध्ये काय बदललं? टर्मवर्क, प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्टचे मार्क द्यायचा अधिकार कॉलेजांकडून काढून घ्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

आज काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. यूटीएमवर, म्हणजे रॉड ताणून तोडायच्या मशीनवर, माइल्ड स्टीलचा एक रॉड लागतो. लॅब असिस्टंट तो तोडतो, वीस पोरं मागून बघतात, निम्मी मोबाइलवर. रीडिंग्ज मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरतात, त्यामुळे यील्ड पॉइंट (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो आकडा) सगळ्या बॅचचा सारखा, दशांशासकट. 'बाहेरचा' परीक्षक शेजारच्या कॉलेजचा. आज ते इकडे, उद्या हे तिकडे. पंचविसात वीसच्या खाली कुणाला पडले तर ती बातमी.

मग ही पोरं आमच्याकडे, कंपनीत, नोकरीला येतात. मुलाखतीत मी समोर एक बुश (मधे भोक असलेली धातूची नळी) आणि ड्रॉइंग ठेवतो. ड्रॉइंगमध्ये भोकावर लिहिलेलं असतं २५ एच७. हातात व्हर्नियर देतो आणि म्हणतो, पास का रिजेक्ट ते सांगा. लीस्ट काउंट, म्हणजे व्हर्नियरवर वाचता येणारं सर्वांत छोटं माप, ०.०२ मिमी हे सगळ्यांना पाठ. पण २५ एच७ म्हणजे भोक २५ ते २५.०२१ मिमीच्या आत हवं, आणि ते व्हर्नियरने ठरवताच येत नाही, प्लग गेज (भोकात घालून बघायचा नेमक्या मापाचा दांडा) लागतो, असं म्हणणारा क्वचित भेटतो. डिस्टिंक्शनवालेसुद्धा जबडे दाबून आकडा सांगून मोकळे.

आजूबाजूला कारखाने कमी नाहीत: सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, ओझरला विमानं बनवणारी एचएएल. टूलरूम, क्वालिटी आणि मेंटेनन्सच्या अनुभवी माणसांचं परीक्षक मंडळ करा, मानधन विद्यापीठाने द्यावं, कोण कुठे जाणार ते चिठ्ठी टाकून ठरवावं.

स्टाफरूम

सातपूरकर, मार्क काढून घ्या, मला आनंदच आहे, तेवढं एक खोटं काम कमी होईल. पण मशीनवर पोरगा उभा का राहत नाही, हे तुम्ही विचारलंच नाही.

१९८३ मध्ये वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. गावोगावची मुलं इंजिनिअर झाली, हे मान्य करायला हवं. पण तेव्हापासून लॅब चालते ती फीवर. शिष्यवृत्तीची रक्कम सरकारकडून उशिरा येते, मग पगार लांबतो, आणि पहिली कात्री लॅबला. २०१८ मध्ये शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१५ वरून १:२० केलं, त्याच वर्षी कितीतरी जणांना घरी बसवलं. मी ज्या कॉलेजात होतो तिथे तपासणीच्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीत एक प्राध्यापक दिसायचे, एरवी ते मला रस्त्यातही भेटले नाहीत.

आता तुमचे परीक्षक आले, साठातली चाळीस पोरं नापास केली. पुढच्या वर्षी त्या कॉलेजात ॲडमिशन होणार नाही. संस्थाचालक नवीन लेथ घेईल असं वाटतं? तो मेकॅनिकल बंद करून आणखी एक एआय-डीएसची तुकडी घेईल. त्या ब्रँचला बुशही लागत नाही आणि प्लग गेजही नाही.

द्वारका_सर्कल

सर, एका रॉडची किंमत किती हो? पोरांना तो तोडू द्यायला संस्थाचालक कशाला लागतो?

स्टाफरूम

रॉडची नका विचारू, मशीनच्या कॅलिब्रेशनची (मशीन बरोबर मोजतं ना, या तपासणीची) विचारा. आणि एका बॅचला लॅबमध्ये दोन तास मिळतात, त्यात हजेरी, जर्नल तपासणी आणि सह्या. वीस पोरांनी वीस रॉड तोडायचे म्हणजे वेळापत्रक तोडावं लागेल.

सुरगाणा_लोकल

मी आश्रमशाळेतून आलेला, आता शेवटच्या वर्षाला. या प्रस्तावाला माझा साफ विरोध.

थिअरीच्या पेपरवर बारकोड असतो, तपासणाऱ्याला माझं नाव दिसत नाही. माझे जे काही मार्क आहेत ते तिथले. ओरलला मात्र पहिला प्रश्न 'गाव कुठलं', दुसरा आडनावावरून, तिसरा इंग्रजीत. आमचे सर निदान चार वर्षं ओळखतात, मी वेल्डिंग करतो हे त्यांना माहीत आहे. कंपनीतला साहेब दहा मिनिटं येणार, फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याला तेवीस देणार आणि मला चौदा. चिठ्ठी टाका नाहीतर लॉटरी काढा, खुर्चीत बसणारा माणूस त्याच वर्तुळातला.

सातपूर_क्यूए

@सुरगाणा_लोकल भाऊ, ओरल ठेवायचीच कशाला? पाच जॉब, पाच मापं, एक पत्रक. पत्रकावर सीट नंबर आणि आकडे, बस. जॉब आधी मास्टरवर (खात्रीच्या अचूक मापावर) मोजून ठेवलेले असतील. तोंडातून एक शब्द काढायची गरज नाही.

अंबड_पॅनेलवाला

मी स्विचगिअर पॅनेल (विजेचे कंट्रोल बोर्ड) बनवतो, पंचवीस माणसांचं युनिट आहे. मला परीक्षक करू नका, वेळ नाही. आणि एका दिवसाच्या परीक्षेतून मला कुणाचं काही कळतही नाही.

मला पोरगा सहा महिने द्या. पहिल्या आठवड्यात बसबारवर (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्टीवर) मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावायला शिकवतो. रीडिंग कमी आलं तर पॅनेल खराब आहे की सकाळी दव पडून ओल आली आहे, हे तो महिन्याभरात ओळखायला लागतो. सरकारी शिकाऊ योजना आहेच. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान ९,००० ठरवले, त्यातले निम्मे केंद्र सरकार परत देतं. कागदपत्रांचा ताप आहे, पण परवडतं. फक्त हे डिग्रीनंतर कशाला? शेवटच्या वर्षाचं एक सेमिस्टर अख्खं इकडे पाठवा. डिप्लोमाची पोरं थेट सेकंड इयरला येतात, त्यांना विचारा कॉलेजात नवीन काय शिकलात.

द्वारका_सर्कल

आणि पॅनेलवाले त्याला पॅकिंगला उभं करणार नाहीत याची हमी कोण देणार? माझा धाकटा भाऊ 'नीम' या ट्रेनी योजनेतून एका मोठ्या कंपनीत गेला होता. कागदावर ट्रेनी, प्रत्यक्षात तिन्ही शिफ्ट लाइनवर, एकच नटबोल्ट. मुदत संपल्यावर प्रमाणपत्र आणि टाटा. पर्मनंट कामगार भरायचा नाही म्हणून शिकाऊ भरायचा, हा धंदा एमआयडीसीत नवीन नाही.

अंबड_पॅनेलवाला

मोठ्यांचं मला सांगू नका. माझ्याकडे लाइनच नाही, उभं कुठे करणार.

बीएस्सीवाली

उच्च शिक्षण म्हणजे फक्त इंजिनिअरिंग असं धरून एवढी चर्चा झाली. कॉलेज रोडवरून रोज बीएस्सीची पोरंही जातात, कुणाच्या लक्षात येतं का? मी केमिस्ट्री शिकवते, तासिका तत्त्वावर.

'इंडस्ट्रीला हवं ते शिकवा' याची मला भीती वाटते, आणि कारण नाशिकचंच आहे. २०१० मध्ये इथली द्राक्षं युरोपात अडकली. कारण त्यांत सापडलेलं क्लोरमेक्वाट, वेलीची वाढ आवरायला मारतात ते. निर्यातीआधी प्रयोगशाळेत तपासणी झालेली होती, पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नव्हतंच. मशीन होतं, माणसं होती, यादीप्रमाणे काम चोख. बागेत काय फवारलं जातंय हे बघून 'हे यादीत का नाही' असं वेळेवर विचारलं गेलं नाही. नुकसान बागायतदारांनी सोसलं. कारखान्यातला परीक्षक आज त्याच्या कारखान्यात जे चालतं तेच विचारणार. यादीबाहेरचं विचारायची सवय विज्ञान शिकवून लागते, आणि त्या विभागांत वर्षानुवर्षं भरती नाही. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं, अजून तिथे पोचलेलो नाही.

जर्नलच्या नकलेबद्दल मात्र सातपूरकरांशी सहमत, फक्त उपाय वेगळा. आमच्याकडे टायट्रेशनला (थेंब थेंब द्रावण टाकून प्रमाण काढायच्या प्रयोगाला) पोरं ब्युरेट हातात घेण्याआधी विचारतात, 'मॅडम, किती यायला पाहिजे?' उत्तर आधीच ठरलेलं असतं म्हणून. एका बॅचला मी बाटल्या घेऊन गोदावरीवर पाठवलं. सोमेश्वर, रामकुंड, तपोवनाच्या खाली. आंघोळीच्या पाण्याला बीओडी (घाण कुजताना खाल्ला जाणारा ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ च्या वर. किती येणार हे मलाच माहीत नव्हतं, त्यामुळे उतरवायला जर्नलच नाही. दोन गटांचं जुळलं नाही तर भांडण, मग ब्लँक (नमुन्याशिवायची चाचणी) पुन्हा, मग लक्षात आलं की एका गटाने बाटलीत हवेचा बुडबुडा राहू दिला होता. सेमिस्टरभरात मी त्यांना एवढं शिकवलं नव्हतं. अडचण एकच, बाटल्या पाच दिवस २० अंशांवर ठेवायच्या, इन्क्युबेटर मायक्रोबायोलॉजीचा, तो मागून घ्यावा लागतो. २०२७ च्या कुंभाची तयारी चाललीये, त्यातला एक इन्क्युबेटर कॉलेजांना मिळाला तर घाट काही अडायचे नाहीत.

सातपूर_क्यूए

@बीएस्सीवाली ताई, हे उत्तम आहे. पण हे तुम्ही केलंत म्हणून झालं. पुढच्या वर्षी तुमची नेमणूक झाली नाही, तर बाटल्या कपाटात आणि ठरलेल्या उत्तराचं सॉल्ट ॲनालिसिस चालू. म्हणून तर मी सक्ती मागतोय. चांगल्या शिक्षकाच्या भरवशावर सगळी कॉलेजं चालत नाहीत.

बीएस्सीवाली

सक्ती करायचीच तर मला बारा महिन्यांची नेमणूक द्यायची करा ना. ती कुणीच मागत नाही.

स्टाफरूम

ताईंची बाटलीची युक्ती, उत्तर आधी कुणालाच माहीत नसण्याची, यूटीएमवरही चालेल. पॅनेलवाले, तुमच्या ओळखीच्या कुठल्या युनिटमधून वेगवेगळ्या हीटचे (भट्टीतल्या वेगवेगळ्या घाण्यांच्या पोलादाचे) बारचे तुकडे मिळतील का? नंबर टाकून द्या, ग्रेड सांगू नका, खरे आकडे असलेलं टेस्ट सर्टिफिकेट तुमच्याकडेच ठेवा. प्रत्येक गटाला वेगळा तुकडा. वेळापत्रकाचं मी बघतो, दोन शनिवार काढता येतील.

अंबड_पॅनेलवाला

शेजारी फोर्जिंगवाला आहे, कटपीस पोत्याने पडलेत. देतो. पण मशीन शेवटचं कॅलिब्रेट कधी केलं ते आधी सांगा, नाहीतर पोरं मशीनची चूक मोजत बसतील.

सुरगाणा_लोकल

तुकडे द्या, चांगलंच आहे. मी स्वतः येऊन पोतं उचलतो. फक्त सर्टिफिकेट कॉलेजात कुणाच्या व्हॉट्सॲपवर आलं की त्याच संध्याकाळी सगळ्या बॅचकडे असणार, आणि वीसच्या वीस यील्ड पॉइंट बरोब्बर निघतील. ते कुठे ठेवणार ते सांगा.