मदत हवी आहे: फाटकापाशी खड्डा, कोल्डमिक्स की मॅस्टिक? रविवारच्या आत सांगा

गिरीश_डोंबिवली: सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर फाटकालगत खड्डा आहे. कोल्डमिक्स (गरम न करता भरायचा तयार डांबरी माल) भरलं की आठवडाभरात उखडतं. कंत्राटदार म्हणतो मॅस्टिक (गरम करून ओतायचं घट्ट डांबरी मिश्रण) करा. त्याचे दर: कोल्डमिक्सची २५ किलोची पिशवी ४५० रुपये, मॅस्टिक चौरस मीटरला १,२००, पण कमीत कमी २० चौरस मीटरचे पैसे घेणार. रविवारी कमिटीची मीटिंग आहे. टिकेल ते सांगा.

खडीवाला: लांबी, रुंदी, खोली किती? तळाला जुनं डांबर आहे, खडी आहे की मुरूम? पाणी साचतं का?

साने_काका: पेव्हर ब्लॉक लावून मोकळे व्हा. बसले तर काढून परत लावता येतात.

खडीवाला: काका, डांबरी रस्त्यात मध्येच ठिगळासारखे नकोत. सांध्यातून पाणी उतरतं, खालची कच वाहून जाते, ब्लॉक डुगडुगतात आणि कडेचं डांबर तुटत जातं. भोवती काँक्रीटची पट्टी घातल्याशिवाय ते टिकत नाहीत.

मनीषा_प: पालिकेच्या ॲपवर फोटोसकट तक्रार टाका.

गिरीश_डोंबिवली: ताई, रस्ता सोसायटीचा आहे, पालिका कशी येणार? खड्डा साधारण १ मीटर बाय ८० सेंमी, खोल ७-८ सेंमी. तळाला ओला मुरूम. टँकर तिथेच वळतो. उन्हाळ्यात पाइपसाठी चर खणला होता, खड्डा त्यावरच आहे.

खडीवाला: मग मूळ दुखणं चराचं आहे, तो नीट न धुमसता बुजवलाय. १० हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच १० टन, त्यात वळताना चाक जागच्या जागी घासतं. आधी पाइप किती खोल आहे ते बघा, मगच पहार घाला. कटरने १.२ बाय १ मीटरचा चौकोन कापा, कडा उभ्या हव्यात. ओला मुरूम २० सेंमीपर्यंत काढून टाका. कचमिश्रित खडी १०-१० सेंमीच्या थरांत प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा. वर ७.५ सेंमी जागा ठेवा. तळाला आणि चारी बाजूंना इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा) हलका हात. त्याचं डबकं झालं तर वरचा माल सरकतो. कोल्डमिक्स दोन थरांत भरा, प्रत्येक थर दाबा, शेवटी रस्त्यापेक्षा १ सेंमी वर ठेवा. माल सुमारे १९० किलो, म्हणजे ८ पिशव्या, ३,६०० रुपये. खडी, मजुरी, मशीनचं भाडं वेगळं.

उमेश_स्थापत्य: एवढी कापाकापी लागतेच असं नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत श्रप (SHRP) या महामार्ग संशोधन कार्यक्रमात खड्डे भरण्याच्या पद्धतींची तुलना झाली. माल उत्तम असेल तर नुसता टाकून ट्रकच्या चाकाने दाबलेला खड्डाही कापून भरलेल्याइतका टिकला, आणि मजुरी वाचली. खर्च पिशवीवर मोजू नका, किती वेळा भरावं लागतं त्यावर मोजा.

खडीवाला: मालाच्या दर्जाचं पटलं. पण इथे बूडच हलतंय, वरून कितीही दाबा, चाकाखाली माल खचणारच.

गिरीश_डोंबिवली: आणि मॅस्टिक?

उमेश_स्थापत्य: आत्ता नको. ते १७० ते २१० अंशांवर ओततात. तळाला ओल असेल तर वाफ होऊन फुगे येतात, ते फुटले की भोकं पडतात. शिवाय खाली पक्कं डांबर किंवा काँक्रीट हवं, मुरमावर नाही चालत. फाटकासमोरचा सगळा पट्टाच करायचा असेल तर दिवाळीनंतर. तिथे २० चौरस मीटर भरत असतील तर कंत्राटदाराची अटही जाचत नाही.

साने_काका: त्याच वेळी गतिरोधकाचंही बघा, फारच उंच आहे.

खडीवाला: गिरीशराव, एक राहिलं. दोन-तीन दिवस उघडीप असली तरी खड्ड्यात पाणी असतं का?

गिरीश_डोंबिवली: असतं. सकाळी पंप सुरू झाला की वाढतं.

खडीवाला: मग पाइपचा जोड गळतोय. प्लंबरकडून तो उघडून दुरुस्त करून घ्या. पंप चालू ठेवून जोड कोरडा राहतोय याची खात्री झाल्यावरच खडी टाका.