पावसाळ्यात बंद घर: जाताना काय काय बंद करायचं?

पुण्यातला_फुलेवाडीकर: तळमजल्याचं घर जून ते सप्टेंबर बंद राहणार. वर ५०० लिटरची टाकी आहे. नुसता टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला की झालं का?

नळजोड: नाही दादा. आधी महापालिकेच्या मीटरजवळचा कॉक बंद करा, नाहीतर बॉल कॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता नळ) अडकला की टाकी भरून वाहत राहते. मग टाकीच्या आउटलेटचा, आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामे करा. अर्ध्या तासानंही थेंब पडत असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. जुने गेट व्हॉल्व्ह न फिरवल्यानं जाम होतात. पाव फेऱ्याचा बॉल व्हॉल्व्ह बसवा. बेसिनखालच्या कनेक्शन पाइपची जाळी नटापाशी तांबूस दिसली तर पाइप आजच बदला, फुटते ती तिथंच.

गच्ची_आधी: पन्हळीच्या तोंडाला घुमटासारखी जाळी लावा. सपाट जाळीवर चार पानं चिकटली तरी गच्चीचं तळं होतं.

पंचगंगाकाठ: फुलेवाडी म्हणजे कोल्हापूर, तेव्हा पुराचंही बघा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पुराचं पाणी उंबऱ्याआधी कमोड आणि नहाणीच्या ट्रॅपमधून उलटं येऊ शकतं. ड्रेनेज चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारा) बसवा आणि मे महिन्यात साफ करा. झडपेत चिंधी अडकली की तो उघडाच राहतो. मेन स्विच बंद, किल्ली शेजाऱ्यांकडे.

पुण्यातला_फुलेवाडीकर: आणि गिझर?

नळजोड: स्विच बंद. परत आल्यावर गरम पाण्याच्या नळाला सलग धार येईपर्यंत लावू नका, रिकाम्या टाकीत कॉइल जळते.