वर्षभर फक्त पुरस्कारप्राप्त ललितेतर पुस्तकं वाचावीत का?

मुठाकाठची
कोथरूडच्या आमच्या वाचनगटात दर महिन्याला एक पुस्तक ठरतं. यंदा मी सुचवलंय की वर्षभर फक्त साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली मराठी ललितेतर, म्हणजे कथा-कादंबरी-कविता सोडून इतर, पुस्तकं घ्यायची. गटात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते.

फर्ग्युसन रस्त्यावर जाऊन पुलित्झर हा अमेरिकी पुरस्कार मिळालेली इंग्रजी पुस्तकं आपण हौसेने घेतो. सिद्धार्थ मुखर्जींचं कर्करोगावरचं पुस्तक (पुलित्झर, २०११) गटातल्या बऱ्याच जणांनी वाचलंय, आणि ते उत्तमच आहे. पण १९६६ ते १९७२ अशी सलग सात वर्षं मराठीचा अकादमी पुरस्कार एकदाही कथा, कादंबरी किंवा कवितेला गेला नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? शेजवलकर, कालेलकर, इरावती कर्वे, बनहट्टी, न. र. फाटक, दुर्गा भागवत, गोदावरी परुळेकर. त्यातले पहिले तिघे तर आपल्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजातले: एक इतिहासकार, एक भाषाशास्त्रज्ञ, एक मानवशास्त्रज्ञ. ज्या शहरात हे काम झालं तिथल्या वाचकांना त्यातलं फक्त इरावतीबाईंचं महाभारतावरचं ‘युगान्त’ माहीत असावं, याचं मला वाईट वाटतं.

पेठेतला
वाईट मलाही वाटतं, पण त्यावर हा उपाय नव्हे. पुरस्कार म्हणजे त्या त्या वर्षीच्या परीक्षकांचा कौल. शिवाय अकादमीचा पुरस्कार एका भाषेला वर्षातून एकच. कविता, कादंबरी, चरित्र, समीक्षा सगळ्यांना एकाच पंगतीत बसवायचं आणि एकालाच वाढायचं. मग बाहेर काय काय राहतं बघा. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं. त्याला अकादमी नाही. १९८१ साली लक्ष्मण मान्यांच्या ‘उपरा’ला मिळाला, १९८८ साली लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला, दोन्ही मोलाची आत्मकथनं. पण ज्या पुस्तकाने दलित आत्मकथनाची वाट रुंद केली तेच तुमच्या वर्षात बसणार नाही.

मुठाकाठची
‘बलुतं’ वाचायला कुणाची मनाई आहे? ते आमच्यातल्या बहुतेकांनी कॉलेजातच वाचलंय. मला काळजी आहे ती गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ची. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींनी १९४५ नंतर वेठबिगारीविरुद्ध केलेला लढा, तो उभा करणाऱ्या बाईने स्वतः लिहिलेला. डहाणू-तलासरी इथून एका दिवसात जाऊन येण्याइतकं जवळ आहे, पण गटात मी नाव घेतलं तेव्हा निम्म्यांना लेखिका कोण तेही माहीत नव्हतं. आपापल्या आवडीने निवडत गेलो तर हे पुस्तक आमच्या हाती कधीच येणार नाही. यादी पाळली की येईल.

संध्याकाळचा_वर्ग
मी विज्ञान शिकवतो, म्हणून वेगळी हरकत घेतो. कादंबरी जुनी झाली तरी कादंबरीच राहते. ललितेतर पुस्तक जगाबद्दल दावे करतं आणि दावे शिळे होतात. साठ वर्षांपूर्वीचं भाषाशास्त्र किंवा इतिहास आज वाचताना पुढचं संशोधन कोण सांगणार? पुरस्कारावर वर्ष असतं, मुदत नसते. सामान्य वाचक तेच अंतिम मानून बसतो. त्यापेक्षा त्याच विषयावरचं ताजं पुस्तक घ्या, मग त्याला काही मिळालेलं असो वा नसो.

रानजाई
@संध्याकाळचा_वर्ग, ही हरकत निकालावर विसंबणाऱ्या वाचनाला लागू पडते. चांगलं ललितेतर मी लेखक पुरावा कसा हाताळतो ते बघायला वाचते. शेजवलकरांचं ‘श्री शिवछत्रपती’ घ्या. ते पुरं शिवचरित्र नाहीच. संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधनं आहेत. लेखक १९६३ साली गेले, पुस्तक त्यानंतर आलं आणि १९६६ साली त्याला पुरस्कार मिळाला. न लिहिलेल्या चरित्राच्या तयारीला! शिवाजी महाराजांबद्दल बोलण्याआधी किती कागद तपासावे लागतात हे त्यातून जितकं कळतं तितकं तयार चरित्रातून कळत नाही. इरावतीबाईंचंही तसंच. ‘युगान्त’मध्ये त्यांनी आधार धरला तो भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठाचा. ती १९६६ साली पुरी झाली. त्यांचा कर्ण किंवा गांधारी पटली नाही तर मूळ श्लोक काढून भांडता येतं. हे शिळं कसं होईल?

अप्पा_बळवंत
मधेच एक व्यवहाराची गोष्ट. यातली काही पुस्तकं दुकानात सहज मिळत नाहीत. एक प्रत वाचनालयातून आणाल, पण गटातल्या प्रत्येकाला कुठून देणार? आधी प्रती शोधा, मग महिने ठरवा.

पेठेतला
प्रती मिळाल्या असं धरू. माझा मुख्य मुद्दा अजून तसाच आहे. हीच यादी अलीकडच्या वर्षांकडे आणा. २०१४ साली नारळीकरांचं आत्मचरित्र आहे, २०१५ साली अरुण खोपकरांचं सिनेमावरचं लेखन, ठीक. पण २०१० साली अशोक केळकरांचं ‘रुजुवात’, २०१८ साली म. सु. पाटील, २०२४ साली सुधीर रसाळ: सगळं साहित्य, समीक्षा, सौंदर्यविचार. ही तोलामोलाची माणसं आहेत, त्यांना मिळालं याचा आनंदच आहे. पण शेती, पाणी, आरोग्य, वाढत चाललेलं शहर यांवर मराठीत लिहिलं जातं ते इथे कुठे आहे? साहित्याची संस्था साहित्यमूल्य पाहणार, हे तिचं कामच. आपण मात्र तिची यादी ‘जग समजून घेण्याची यादी’ म्हणून वापरायची नाही. पुलित्झरमध्ये इतिहास वेगळा, चरित्र वेगळं, सर्वसाधारण ललितेतरही १९६२पासून वेगळं. आपल्याकडे ते कप्पे नाहीत, म्हणून निवडीचा भार वाचकावरच पडतो.

मुठाकाठची
पाणी आणि शेतीबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण वर्षभराचा प्रस्ताव मी मागे घेत नाही. गेली काही वर्षं ‘वाचकावर भार’ म्हणत आम्ही जे निवडलं त्यात निम्मी इंग्रजी चरित्रं होती, आणि तीही बहुतेक उद्योगपतींची. परुळेकरांपासून सुरुवात करणार. अप्पा, प्रतींचं मी बघते.

पेठेतला
परुळेकरांच्या महिन्याला मी येतो. येताना ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ सोबत आणतो. १८८२ साली याच पुण्यात छापलं गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशांनी पुन्हा छापेपर्यंत जवळजवळ कुणाच्या स्मरणात नव्हतं. छोटं आहे, एका बैठकीत होतं. आधी ते मोठ्याने वाचू, मग तुमच्या यादीवर बोलू.