निक ड्रेकचा पहिला अल्बम: खरंच एवढा भारी हाय का मलेच झोप येऊन राहिली?

धुऱ्यावरचा (दारव्हा)

रामराम मंडळी. नागपूरले शिकते तो मामेभाऊ, त्यानं एक अल्बम पाठवला, निक ड्रेक नावाच्या इंग्रज पोराचा, 'फाईव्ह लीव्हज लेफ्ट', १९६९ चा, त्याचा पह्यलाच. भाऊ म्हणते हा नाई ऐकला तं काईच नाई ऐकलं. आता आमच्या फिडरले या हप्त्यात रात्रीची लाईट हाय, हरभऱ्याचं ओलित चालू, स्प्रिंकलरचे पाईप एकदा बदलवले की मंग दोन-अडीच तास नुसतं बसाच लागते वावरात, तं म्हटलं लावू. पुरा अल्बम पाऊण तासाचाही नाई, दहा गाणे, त्याच्यामुळं पुन्हा पुन्हा लावून पाह्यला.

सुरुवातीचे गाणे लय आवडले. 'रिव्हर मॅन' लागलं की आंगावर काटाच येते, काऊन येते ते सांगता येत नाई. 'थ्री अवर्स'मंदी काहीतरी ढोलकीवानी वाजते ते पण मस्त. पण मंग पुढं पुढं सगळं एकच वाटाले लागते, आवाज वर जात नाई खाली येत नाई, मंधातच व्हायोलिनचा लोंढा येते आन् गिटार कुठं गेली समजत नाई. इंटरनेटवर पाहाले गेलो तं अर्धे लोक म्हणते यापेक्षा सुंदर काई नाई, अर्धे म्हणते बोअर. तुमच्यापैकी कोणी ऐकला असन तं सांगा, मले काई समजून नाई राहिलं का अल्बमच एवढा हाय? आन् ते पाच पानं कशाचे?

खंजिरीवाला (तिवसा)

धुऱ्यावरचे भाऊ, काटा काऊन येते ते मी सांगतो. रिव्हर मॅन लावा आणि मांडीवर टाळी धरा. चार मोजाल तर गाणं हातातून निसटते. पाच मात्रा आहेत त्याच्यात. आपल्या कानाला पाच म्हटलं की झपतालाचा अर्धा आठवते, धी ना धी धी ना, पण हा बाबा तसा बसत नाही कारण गिटार पाचात गोल गोल फिरत राहते आणि गळा मात्र मात्रेच्या मागून येते, सम दाखवायची घाईच नाही त्याला. मी आमच्या भजनी मंडळातल्या तबल्यावाल्याला ऐकवलं तर तो आधी हसला, मग मोबाईल मागून घेतला, मग चहा थंड होईपर्यंत बोललाच नाही.

व्हायोलिनचं म्हणाल तर तिथं दोन वेगळे हात आहेत. बहुतेक गाण्यांत व्हायोलिननं काय वाजवायचं ते लिहून देण्याचं काम रॉबर्ट कर्बी नावाच्या पोराचं, तो केंब्रिजात निकचा दोस्त होता, त्याच्याच वयाचा. निर्मात्यानं म्हणजे जो बॉइडनं आधी दुसरा तयार माणूस लावला होता पण निकला ते पटलं नाही, म्हणे माझा दोस्त करीन. तेवढा बुजरा पोरगा पण तिथं अडून बसला. फक्त रिव्हर मॅन कर्बीनं घेतलं नाही, म्हणून हॅरी रॉबिन्सनला बोलावलं, तो वयानं मोठा, पुढे इंग्लंडातल्या भुताच्या पिक्चरांना संगीत देणारा माणूस. म्हणून त्या गाण्यातले व्हायोलिन बाकीच्यांपेक्षा वेगळे लागतात, गाण्याच्या खालून सरकत येतात. आणि निक मधात बसून गिटार वाजवत गाऊन राहिला, भोवताल वाद्यवृंद, सगळं एका वेळेस रेकॉर्ड केलं. आजच्यासारखं एक एक तुकडा जोडून नाही.

थ्री अवर्समधलं ढोलकी नाही, कोंगा आहे, हातानं वाजवायचा उंच ढोल, चेलो साँगमध्येही तोच. आणि खाली जो जाड आवाजाचा बेस आहे, डॅनी थॉम्पसनचा, तो एकदा फक्त तेवढाच ऐका, इयरफोन लावून.

संत्र्याची_ताई (वरूड)

मला हा अल्बम एवढा थोर वाटत नाही, आणि धुऱ्यावरच्या भाऊला झोप येत असेल तर त्यात त्याच्या कानाचा दोष नाही.

कर्बीबद्दल एवढं प्रेम कशाला? 'वे टू ब्लू'मध्ये गिटारच नाही, नुसते व्हायोलिन आणि आवाज, तिथं ठीक आहे, तिथं त्याला गाण्याचा भार उचलावाच लागला. 'डे इज डन'सुद्धा चांगलं, आखूड आहे आणि नेटकं आहे. पण 'थॉट्स ऑफ मेरी जेन'मधली ती बासरी? अगदी पाकात बुडवून काढलंय गाणं. 'मॅन इन अ शेड' तर मला कॉलेजच्या गॅदरिंगचं वाटतं, पियानोवर टुणटुण करत गोड गोड तक्रार. दहातली चार गाणी काढली तर उरलेलं मी कुणालाही ऐकवीन. पहिला अल्बम असाच असतो, हातात आहे ते सगळं ताटात वाढायचं.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. निक ड्रेकचं नाव निघालं की लोक आधी तो १९७४ मध्ये २६ व्या वर्षी गेला हे सांगतात, आवाज बारीक करून सांगतात, आणि मग गाणी लावतात. झालं, आता तुम्ही काय बोलणार? बोललात तर निर्दयी. 'फ्रूट ट्री'मध्ये तो म्हणतो की कीर्ती माणूस गेल्यावरच फळते, तर म्हणे बघा त्याला आधीच कळलं होतं. काही कळलं नव्हतं हो. एकवीस वर्षांचा खात्यापित्या घरचा मुलगा, केंब्रिजला शिकायला, या वयात सगळेच मरणावर लिहितात. आमच्या शाळेच्या हस्तलिखितात दरवर्षी अशा चार कविता येतात आणि ती मुलं आता छान संत्र्याचा धंदा करून राहिली आहेत.

वडसा_ऑर्गन

ताई एकदम बरोबर बोलल्या जी 🙏

मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात ऑर्गन वाजवतो, दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावची जत्रा सुरू, मग शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री दहाले पडदा उघडला का सकाळीच बंद. आमच्याकडचा गाणारा माणूस मंडपाच्या शेवटच्या रांगेतल्या, कांबळ पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याले जागं ठेवते. हा निक त्या पेंडालात उभा केला तर पहिल्या अंतऱ्याले लोक चणे आणाले उठून जातीन. तसंच झालं म्हणा त्याचं. दर गाण्याले गिटारचे कान पिळत बसे, पाच पाच मिनिटं, तोंडातून शब्द नाही, समोरचे लोक आपापसात गप्पा मारत. मोजकेच कार्यक्रम केले त्यानं आणि मग सोडूनच देल्लं. जिवंत होता तोवर एकाही अल्बमच्या पाच हजार कॉप्या खपल्या नाही म्हणते. आता सगळे म्हणून राहिले दुनियेले कळला नाही. अरे कळण म्हणजे कसा, आवाज तर पोचू दे पहिले.

बाकी त्याचा बाप रंगूनले बॉम्बे बर्मा कंपनीत इंजिनियर होता, सागवानाची कंपनी, पोरगा जन्मला बी रंगूनलेच १९४८ ले. आम्ही आलापल्लीच्या सागवानाच्या जिल्ह्यातले लोक, म्हणून तेवढं लक्षात राह्यलं 😀

खंजिरीवाला (तिवसा)

वडसावाले भाऊ, तुमचा मुद्दा मान्य पण मंडपाची फूटपट्टी इथं लागत नाही ना. हे माइकचंच गाणं आहे. तुम्ही म्हणता आवाज पोचत नाही, अहो त्याला पोचायचंच नव्हतं, तुम्हाला जवळ यायचं आहे. जॉन वूड नावाचा रेकॉर्डिंगवाला होता लंडनच्या साउंड टेक्निक्समध्ये, त्यानं तो आवाज असा धरला की श्वास घेतला तरी ऐकू येते आणि तरी कुठं फाटत नाही. तेही एक कामच आहे, तुमच्या ऑर्गनवाल्याइतकंच.

तुकडोजी महाराजांचंच घ्या. आम्ही मोझरीच्या जवळचे, लहानपणापासून खंजिरी ऐकली. एकटा माणूस, शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, हातात एकच वाद्य, आणि समोर हजारो लोक उठून बसायचे. १९६८ च्या ऑक्टोबरात महाराज गेले, त्याच वर्षी हा पोरगा तिकडं हा अल्बम रेकॉर्ड करून राहिला होता. महाराजांचं गाणं समोरच्याला हलवायला होतं, याचं गाणं समोर कोणी आहे हेच धरत नाही. मला दोन्ही चालतात. सकाळी सामुदायिक प्रार्थनेला निक ड्रेक लावा असं मी म्हणून नाही राहिलो.

संत्र्याची_ताई (वरूड)

"तुम्हाला जवळ यायचं आहे" हे म्हणजे स्वयंपाक अळणी झाला की खाणाऱ्याच्या जिभेला दोष 🙄

सहावी_तार (आर्वी)

मी गिटार शिकून राहिलो दोन वर्षापासून, क्लास इथं नाही, यूट्यूबवरच, तर माझं मत थोडं येडं असू शकते. मला त्याचे शब्द अर्धे समजतच नाही आणि फरकही पडत नाही, मी फक्त अंगठा ऐकतो. त्याचा अंगठा एक काम करते आणि बाकीची बोटं दुसरंच काहीतरी करून राहतात आणि दोन्ही एकसारखे, न चुकता, कुठं जोर नाही कुठं घाई नाही. करून पाहा म्हणजे समजते. बऱ्याच गाण्यात तारा नेहमीसारख्या लावलेल्याच नाही, वेगवेगळं ट्यूनिंग, म्हणून तुम्ही कॉर्ड पाहून वाजवाल तर बरोबर वाजवूनही तसं येतच नाही. वडसावाले भाऊ जे कान पिळणं म्हणून राहिले ते त्याच्यामुळं. आज लोक पाच गिटार स्टेजवर ठेवतात आणि बदलत जातात, याच्यापाशी तेवढं कुठलं.

धुऱ्यावरचे भाऊ, पाच पानं म्हणजे सिगरेट वळायचा कागद. रिझला कंपनीच्या पुडक्यात कागद संपत आले की चिठ्ठी निघायची, पाचच उरले म्हणून. तेच नाव ठेवलं.

ताईशी मी अर्धा सहमत. मेरी जेन मी पण पुढं ढकलतो. पण मॅन इन अ शेडला काही बोलू नका, सगळ्या अल्बममध्ये तेवढ्याच एका गाण्यात तो थोडा गंमत करून राहिला आहे, पावसात गळणारी खोली आणि शेजारच्या मोठ्या घरातली पोरगी, आपल्यापैकी कोणाची नाही ही स्टोरी सांगा बरं. चेलो साँगच्या सुरुवातीला तो नुसता गुणगुणते, शब्द नाही काही नाही, त्याच्याखाली चेलो, म्हणजे ते जाड आवाजाचं मोठं व्हायोलिन, मला पूर्ण अल्बममध्ये ते सगळ्यात जास्त आवडते. आणि शेवटचं 'सॅटर्डे सन' लोक सोडून देतात, तिथं पियानो आहे आणि गिटार नाहीच, एकदम वेगळी हवा.

वडसा_ऑर्गन

पाच पानं म्हणजे बिडीचा कागद होय!! मग आमच्याकडं तेंदूपत्त्याच्या हंगामात ये म्हणा, पाच काय पाच पुडके देतो 😂 एवढ्या नाजूक अल्बमले असं नाव, हे आवडलं मले.

धुऱ्यावरचा (दारव्हा)

लय झालं बाप्पा, मी एवढं वाचाले मिळन म्हणून टाकलंच नव्हतं.

काका तुम्ही सांगतलं तसं टाळी धरून पाह्यली, काल रात्री, कुत्रं माह्याकडं पाहून राहिलं. पाचच पडते. आन् एकदा पाच पडाले लागले का मंग व्हायोलिन आल्यावर बी गिटार हरवत नाई, खालून चालूच राहते, ते आधी माह्या ध्यानातच आलं नव्हतं कारण मोबाईलच्या स्पीकरवर वाजवत होतो. बेस बी तेव्हाच ऐकू आला. बाकीच्या गाण्याचं मात्र ताईचंच पटते मले, मेरी जेन आन् ते शेडवालं गाणं मी उडवून टाकलं, सहावी तार भाऊ माफ करा, शेजारच्या घरची स्टोरी हाय पण ते पियानो नाई झेपत. फ्रूट ट्री ठेवलं. भावाले मी एवढंच कळवलं का अर्धा भारी हाय, तो रागावला, म्हणे तुले कळतच नाई.

ताई, व्हायोलिन नसलेलं काई हाय का त्याचं?

संत्र्याची_ताई (वरूड)

आहे ना, आणि तेच मी आधी सांगायला हवं होतं असं आमचे हे म्हणून राहिले मागून. मधला अल्बम सोड, त्यात आणखी वाजंत्री आहे. तिसरा घे, 'पिंक मून', १९७२ चा. जेमतेम २८ मिनिटं. आवाज आणि गिटार, बस, एका गाण्यात तेवढा थोडासा पियानो. कोणी दोस्त नाही, वाद्यवृंद नाही. या पोराला एकटं सोडलं की काय करतो ते तिथं दिसतं, आणि तिथं मी कुणाशीही भांडायला तयार आहे की तोच खरा. खंजिरीवाले दादा म्हणतील त्यात रिव्हर मॅन नाही. नाहीच आहे.

आणि त्याच्या आईची गाणीही ऐक, मॉली ड्रेक, घरीच पियानोवर गायची, घरच्या घरी टेप केलेली. तिचं ऐकलं की मुलाच्या चाली कुठून आल्या ते विचारावं लागत नाही.

खंजिरीवाला (तिवसा)

पिंक मून चांगलाच आहे ताई, पण त्यात रिव्हर मॅन नाही.

धुऱ्यावरचा (दारव्हा)

दोन्ही मागवतो भावाकडून. उद्यापासून लाईट दिवसाची हाय आमच्याकडं, तं ऐकणं थोडं मागं पडन, दिवसा वावरात बाया राहते तुरी कापाले, इयरफोन लावून बसलो तं बोलते. वडसावाले भाऊ, तुमचं नाटक यवतमाळकडं येते का कधी?

वडसा_ऑर्गन

इतक्या दूर नाही येत जी, आमचं ब्रह्मपुरी, नागभीड, साकोली, इकडंच. तूच ये, शंकरपटाच्या दिवसात, जेवणाची सोय आपल्या घरी. कांबळ मात्र आणजो, थंडी लय राहते.