'दुसऱ्या' शोधात का सापडत नाही

शब्द मजकुरात समोर दिसतो, तरी शोधात सापडत नाही. फॉन्ट बदलून हा प्रश्न सुटणार नाही, कारण दोष फॉन्टचा नाहीच. 'दुसऱ्या' पडद्यावर अगदी एकसारखा दिसतो, पण आत तो दोन प्रकारे साठवलेला असू शकतो: ऱ + हलन्त + य, किंवा र + हलन्त + झिरो विड्थ जॉइनर (अक्षरांच्या जोडणीचं चिन्ह) + य. शोध अक्षराचं रूप बघत नाही, आत साठवलेले संकेत (कोड) बघतो. म्हणून एका प्रकारे टंकलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला की हाती काही लागत नाही. त्यात हा जॉइनर अदृश्य. एखाद्या सॉफ्टवेअरने तो गाळला की 'दऱ्या'चा सरळ 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात!

इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो, मग हलन्त, मग य. हीच सवय लावावी. जुनी फाइल दुरुस्त करायला नोटपॅड प्लस प्लस हे मजकूर संपादनाचं सॉफ्टवेअर बरं. जॉइनरवाला 'र्‍या' मजकुरातूनच कॉपी करून शोधाच्या चौकटीत चिकटवा, बॅकस्पेसने फक्त काना काढा आणि बदलीत 'ऱ्य' टंका. मग ये, यां, यो सगळे एका फेरीत बदलतात. वऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हाड यांच्यासाठी 'ऱ्ह'ची वेगळी फेरी लागते. मात्र जॉइनर आधीच गळालेला असेल तर 'र्य' सरसकट कधीही बदलू नका. सूर्य, कार्य, आचार्य सगळ्यांची वाट लागेल. तिथे एकेक शब्द डोळ्यांनीच तपासावा लागतो.