मदत हवी आहे: मेणबत्तीच्या उजेडातले हॉन्टहोर्स्ट आणि ला तूर हे चित्रकार वेगळे कसे ओळखायचे?

सतराव्या शतकातल्या युरोपीय चित्रांमधल्या उजेडावर एक छोटं सादरीकरण करतोय. इटालियन चित्रकार काराव्हाज्जो (१५७१–१६१०) ओळखता येतो. त्याच्याकडे प्रकाश बहुधा चौकटीबाहेरून तिरका येतो, उगम दिसत नाही. रेम्ब्रँटही जमतो, निदान उतारवयातला, रंगाच्या जाड थरांमुळे.

घोडं अडलंय ते नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचा हॉन्टहोर्स्ट (१५९२–१६५६) आणि आजच्या फ्रान्समधल्या लोरेनचा जॉर्ज द ला तूर (१५९३–१६५२) यांच्यापाशी. दोघेही मेणबत्ती चित्रातच ठेवतात, कधी हाताआड झाकतात. विषयसुद्धा तेच! सुतारकाम करणारा जोसेफ आणि त्याला उजेड दाखवणारा बाल येशू दोघांनीही रंगवलाय. हॉन्टहोर्स्टचं चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात, ला तूरचं पॅरिसच्या लूव्रमध्ये.

ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. ला तूरच्या आकृत्या गुळगुळीत, जवळजवळ भौमितिक वाटतात, हॉन्टहोर्स्टचे चेहरे जास्त बोलके. पण हॉन्टहोर्स्टचं महायाजकापुढच्या ख्रिस्ताचं चित्रही तितकंच स्तब्ध आहे, तिथे ही खूण फसते. हसरे, पेले उंचावणारे लोक दिसले की हॉन्टहोर्स्ट, हे ठाऊक आहे. प्रश्न फक्त धार्मिक चित्रांचा आहे.

मूळ चित्रं पाहणं शक्य नाही, सगळं पडद्यावरच. त्यामुळे रंगछटांवर भरवसा नाही, आणि ऐकणारे चित्रकलेतले नाहीत. नाव झाकलं तर सावल्यांच्या कडा, कापडाच्या चुण्या की हातांची ठेवण, यांपैकी आधी नेमकं काय पाहायचं?